परीक्षा पॅरामेडिकची, तयारी घरच्या ओसरीवर

बारावीचा निकाल लागला की शेतकऱ्याच्या घरात एकच विषय निघतो. पोराला किंवा पोरीला पुढे कशाला घालायचे? डॉक्टरकीसाठी गुण कमी पडतात, गुण असले तर पैसा कमी पडतो. मग पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवतो, "पॅरामेडिकला घाला की. दवाखान्यात नोकरी लागेल." घरचे होकार देतात. पण हा पॅरामेडिक नेमका करतो काय, त्याची परीक्षा कशी असते आणि तिची तयारी कशी करावी, हे सांगणारे जवळपास कुणी नसते. म्हणून हा लेख. परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींनी तो वाचावाच, पण आईवडिलांनीही वाचावा, कारण या तयारीत त्यांनाही काम आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या परीक्षेला पाठांतर लागते, पण मुले अडतात ती क्रमावर. आधी काय करायचे आणि मग काय, हा क्रम हातात बसलेला असावा लागतो, आणि नुसते पुस्तक वाचून तो बसत नाही. बैल औताला कसा जुंपायचा, हे पुस्तकात वाचून कुणाला आले आहे? तसेच हे आहे. सरावासाठी माणसे लागतात, आणि आपल्या घरात माणसांना तोटा नाही.

पॅरामेडिक म्हणजे कोण?

"पॅरामेडिकल" हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र चालवणारा, सगळ्यांनाच लोक पॅरामेडिकल म्हणतात. इथे आपण बोलतो आहोत ते तातडीच्या वेळी धावून जाणाऱ्या माणसाविषयी. रुग्णवाहिकेत किंवा दवाखान्याच्या तातडीच्या कक्षात तो काम करतो. अपघातात सापडलेल्याचा श्वास चालू ठेवणे, रक्त थांबवणे, मोडलेले हाड हलणार नाही असे बांधणे, हृदय थांबले तर छातीवर दाब देणे आणि रुग्णाला जिवंत डॉक्टरच्या हाती सोपवणे, हे त्याचे काम. कागदोपत्री त्याला "इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन" असेही म्हणतात.

हा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६७ साली "फ्रीडम हाऊस" नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्याआधी तिथे आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत घालून नेत, वाटेत उपचार काहीच होत नसत. डॉ. पीटर साफर यांनी गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांना निवडून सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. त्यांच्यातल्या कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते आणि लोक त्यांना बिनकामाचे समजत. त्याच पोरांनी असे काम करून दाखवले की पुढे रुग्णवाहिका सेवांना त्यांचा नमुना मिळाला. शहराने आपली स्वतंत्र सेवा उभी केली आणि १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद पडले, हा त्या गोष्टीचा कडू शेवट. पण ज्यांना घरची पुस्तके नाहीत, ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे, त्यांनाही नीट शिकवले तर हे काम उत्तम जमते, हे तिथे सिद्ध झाले. आपल्या खेड्यातल्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या देशात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी आली. आता एक गोष्ट आईवडिलांनी समजून घ्यावी. आपल्याकडे १०८ च्या गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. त्यामुळे "कोर्स केला की १०८ वर नोकरी पक्की" असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. मोठ्या दवाखान्यांचे तातडीचे कक्ष, खासगी रुग्णवाहिका, कारखाने अशा ठिकाणीही या शिक्षणाला काम आहे. सगळीकडे चौकशी करूनच पाऊल टाकावे.

फी भरण्याआधी

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूण पाहतो, पावती मागतो. इथेही तसेच करावे. गावोगाव पाट्या लागलेल्या असतात आणि रंगीत पत्रके वाटली जातात. संस्थेत गेल्यावर पुढील गोष्टी सरळ विचाराव्यात. अंतिम परीक्षा कोण घेते? प्रमाणपत्र कोण देते: विद्यापीठ, सरकारमान्य कौशल्य परिषद, की संस्था स्वतःच? प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात होते आणि किती तास? रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष ड्यूटी मिळते का? सरावाचे पुतळे आहेत का? असतील तर ते पाहायला मागावेत. मागील वर्षी पास झालेल्या दोन मुलांशी बोलून घ्यावे.

२०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर आणि परिचारिका सोडून आरोग्यसेवेत काम करणाऱ्या अनेकांच्या शिक्षणाची आणि नोंदणीची व्यवस्था लावणे हा त्याचा हेतू आहे. रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिकही त्याच्या यादीत आहे. म्हणून "या अभ्यासक्रमावर पुढे माझी नोंदणी होईल का?" हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर टाळले गेले तर फी खिशातच ठेवावी.

परीक्षक काय पाहतो?

परीक्षेचे सामान्यपणे तीन भाग असतात: लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक. लेखीला घाबरणारी मुले पुष्कळ, पण तयारी कमी पडते ती प्रात्यक्षिकात. तिथे परीक्षकाच्या हातात एक यादी असते. समोर पुतळा किंवा रुग्णाचे सोंग घेतलेला माणूस असतो. परीक्षक सांगतो, "पन्नाशीचा माणूस, छातीत दुखतंय, तुम्ही पोचला आहात. सुरू करा." तुम्ही जे करता आणि जे बोलता, त्यावर तो खुणा करत जातो. मनात पुष्कळ आले पण तोंडाने बोलला नाहीत आणि हाताने केले नाहीत, तर त्याला खूण करता येत नाही. म्हणून प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करण्याची सवय लावावी.

काही पायऱ्या अशा असतात की त्या राहिल्या तर बाकीचे सगळे बरोबर असूनही उमेदवार नापास होऊ शकतो. हातमोजे न घालणे, जागा सुरक्षित आहे का ते न पाहणे, श्वासाकडे न बघता मोडलेल्या हाडाकडे वळणे, या त्यातल्या.

क्रम असा लावा

सर्वांत पहिली पायरी जागेच्या सुरक्षिततेची. पुस्तकात ती एका ओळीत असते, म्हणून मुले ती घाईने वाचून पुढे जातात. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला तिचे मोल कुणी सांगायला नको. विहिरीवरच्या मोटारीला हात लावलेला माणूस चिकटून पडला आणि त्याला ओढायला गेलेलाही गेला, अशा गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. गोबर गॅसच्या टाकीत किंवा बुजत आलेल्या विहिरीत एक उतरला, गुदमरला, त्याच्या मागे दुसरा उतरला आणि तोही आला नाही, हेही ऐकलेले आहे. आधी मेन स्विच बंद. आधी टाकीत वारा आणि माहीतगार माणूस. मग रुग्ण. वाचवणारा पडला तर रुग्ण दोन होतात.

दुसरी पायरी प्रतिसादाची. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारावी, "दादा, ऐकू येतंय का? डोळे उघडा." उत्तर नाही आले तर लगेच मदत मागवावी.

त्यानंतर श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण. तोंडात माती, उलटी, सुटलेली कवळी आहे का? जीभ मागे पडली आहे का? छाती वर-खाली होते का? नाडी लागते का? रक्त कुठून वाहते आहे? नाडी पाहण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. रक्ताची धार लागली असेल तर ती आधी दाबून धरायची, आणि हृदय थांबले असेल तर छातीवरचा दाब आधी सुरू करायचा. आपल्या पाठ्यपुस्तकात हा क्रम जसा दिला असेल तसाच बसवावा, दोन पुस्तकांची सरमिसळ करू नये.

एवढे झाल्यावर मग बाकीची तपासणी: डोक्यापासून पायापर्यंत पाहणे, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणे, आणि रुग्णाची हकिकत विचारणे. हकिकतीसाठी पुस्तकात सहा प्रश्न असतात. काय होतंय? कशाची ॲलर्जी आहे? औषध कोणते चालू आहे? आधी कोणता आजार होता? शेवटचे कधी खाल्ले? हे सुरू होण्याआधी काय करत होता? पुस्तकी भाषेत हे विचारले तर आपली म्हातारी माणसे बोलत नाहीत. "आजोबा, कळ कधीपासून आहे? हातात जाते का? सकाळची गोळी घेतली होती का?" असे विचारले की सगळे सांगतात. परीक्षेतही रुग्णाशी आपुलकीने बोलावे, परीक्षकाच्या ते नजरेत येते.

घरचा सराव

आता आईवडिलांचे आणि आजीचे काम. रात्रीची जेवणे झाल्यावर अर्धा तास ओसरी परीक्षार्थीला द्यावी.

समजा, घरातली लेक परीक्षेला बसणार आहे. आजीने गोधडीवर पडायचे. थोरल्या भावाने परीक्षक व्हायचे, त्याच्या हातात पुस्तकातून उतरवलेली यादी द्यायची. लेकीने दारातून आत यायचे आणि बोलत बोलत सुरू करायचे. "जागा पाहिली, सुरक्षित आहे. हातमोजे घातले. आजी, अगं आजी, ऐकू येतंय का?" आजी हसेल. पहिले दोन दिवस सगळेच हसतील, हसू द्यावे. तिसऱ्या दिवसापासून भाऊच सांगू लागेल, "ताई, श्वास बघायचा राहिला."

नाडी आणि श्वास मोजण्याचा सराव घरच्या प्रत्येकावर करावा. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावे. श्वास मोजताना माणसाला कळू देऊ नये, कळले की तो श्वास बदलतो. मनगट धरून नाडी मोजतोय असे दाखवावे आणि नजर छातीवर ठेवावी. शेतातून नुकतेच आलेले वडील, झोपलेले लहान मूल, ओसरीत बसलेले आजोबा, तिघांचे आकडे वेगळे येतील. ते वहीत लिहून ठेवावेत. असे १०० आकडे लिहिले की "नॉर्मल" कशाला म्हणतात ते बोटांना कळू लागते.

छातीवर दाब देण्याचा सराव मात्र जिवंत माणसावर कधीही करू नये, त्याने इजा होते. त्यासाठी जुने कपडे गच्च भरलेले पोते जमिनीवर ठेवावे. खाटेवर ठेवू नये, खाट खाली दबते. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते. ३० दाबांनंतर २ श्वास. तुमचे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले तर गती बरोबर. कोपर वाकू देऊ नये, भार खांद्यावरून यावा. दोन मिनिटांत घाम फुटतो. कुदळ चालवणाऱ्या हातांना हे लवकर जमते, पण खरी खोली शिकायला संस्थेतल्या पुतळ्यावरही हात बसवावाच लागतो.

पट्ट्या बांधायला जुने लुगडे किंवा धोतर फाडून घ्यावे. मोडलेल्या हाताला आधार द्यायला कामट्या आहेत, दुमडलेली वर्तमानपत्रे आहेत. बांधून झाल्यावर बोटांची नखे दाबून पाहावीत. रंग लगेच परत आला पाहिजे, नाहीतर पट्टी आवळ झाली.

हे आकडे पाठच हवेत

क्रम हाताने शिकायचा, पण काही आकडे तोंडपाठ करण्याला पर्याय नाही. ते जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चुलीजवळ किंवा गोठ्याच्या दाराला लावावेत, येता-जाता दिसले पाहिजेत.

मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. नवजात बाळाचा श्वास ३० ते ६०. रक्तदाब साधारण १२०/८०. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली तर ती कमी. शुद्ध मोजण्याच्या ग्लासगो मापात डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण. एकूण सर्वांत जास्त १५, सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी आले तर प्रकृती गंभीर, श्वासमार्ग सांभाळा.

भाजलेल्या मोठ्या माणसाचा हिशेब नऊच्या पाढ्यावर आहे. डोके ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, पुढची बाजू १८, पाठ १८ आणि जांघेची जागा १. बेरीज १०० येते का ते स्वतः करून पाहावे, मग विसरत नाही.

एकाच वेळी अनेक जखमी असतील, समजा वऱ्हाडाचा ट्रक उलटला, तर चार रंग. ज्याला लगेच उपचार हवेत तो लाल, थोडा थांबू शकतो तो पिवळा, चालता येते तो हिरवा, गेलेला काळा. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो लाल असेलच असे नाही. ओरडतो म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी पाहावे.

इंग्रजीची भीती

पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात आणि खेड्यातले हुशार पोरही तिथे बिचकते. यावर उपाय आहे. वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनलेले असतात. मोजके तुकडे ओळखले की शेकडो शब्द उलगडतात. "ब्रॅडी" म्हणजे मंद आणि "टॅकी" म्हणजे जलद. "हायपो" म्हणजे कमी, "हायपर" म्हणजे जास्त. "कार्डिया" हृदयाचे, "प्निया" श्वासाचे, "ग्लायसेमिया" रक्तातल्या साखरेचे. आता "ब्रॅडीकार्डिया" म्हणजे हृदयाची मंद गती, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. "टॅकीप्निया" आणि "हायपोग्लायसेमिया" यांचा अर्थ वाचकांनीच लावून पाहावा.

एक वही करावी, तिला तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात गावातले उदाहरण. रोज दहा शब्द लिहिले तर दोन महिन्यांत सहाशे होतात.

प्रश्न कसे येतात?

लेखी परीक्षेत चारपैकी दोन उत्तरे बरोबर वाटतील असे प्रश्न असतात. कारण विचारलेले असते ते "सर्वांत आधी काय कराल?" इथेही क्रमच कामी येतो. तीन नमुने पाहा.

पहिला: शेतात विजेची तार तुटून पडली आहे. माणूस तारेला लागून निपचित पडला आहे. नाडी पाहाल, छातीवर दाब द्याल, वीज बंद झाल्याची खात्री कराल की ऑक्सिजन लावाल? उत्तर: वीज बंद झाल्याची खात्री. बाकी सगळे त्यानंतर.

दुसरा: मोटारसायकलवरून पडलेला तरुण बेशुद्ध आहे. पाय मोडून वाकडा झालेला दिसतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. आधी काय? डोळा पायाकडे जातो, पण उत्तर श्वासमार्गाचे आहे. घोरणे म्हणजे वाट अडली आहे. मानेला मार असू शकतो, म्हणून मान न वळवता जबडा पुढे उचलायचा.

तिसरा: मधुमेहाच्या आजींनी सकाळी इन्सुलिन घेतले, एकादशी म्हणून काही खाल्ले नाही. दुपारी दरदरून घाम आला आहे, भलतेच बोलत आहेत, पण शुद्ध आहे आणि गिळता येते. उत्तर: साखर तपासून तोंडाने साखर देणे. त्याच आजी बेशुद्ध असत्या तर तोंडाने काहीही द्यायचे नाही.

विषबाधेवर प्रश्न हमखास असतात आणि ते आपल्या घरचे आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ-फेस येतो, घाम सुटतो, श्वास घरघरतो. आधी स्वतः हातमोजे घालून त्याचे भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचे, श्वास सांभाळायचा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

सर्पदंशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप नावानिशी आणि लक्षणांनिशी यायला हवेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, हा प्रश्न परीक्षेला आवडता आहे. चावा कापू नये, तोंडाने ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे.

कायद्याचाही एखादा प्रश्न असतो. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. जखम झाल्यापासूनच्या एका तासाला त्या कायद्यात "सुवर्ण तास" म्हटले आहे.

वेळ कसा काढावा?

शेतीच्या घरात अभ्यासाला वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. सुगीत तर घरातले प्रत्येक माणूस रानात लागते. म्हणून परीक्षेची तारीख कळली की सहा आठवडे मागे मोजावे आणि घरात बसून कामाची वाटणी करावी. पहाटे तासभर पुस्तक, रात्री अर्धा तास ओसरीवरचा सराव, एवढे रोज झाले तरी पुरते. पहिल्या दोन आठवड्यांत तपासणीचा क्रम आणि श्वासमार्ग, पुढच्या दोन आठवड्यांत हृदय, रक्तस्राव, हाडे आणि भाजणे, पाचव्या आठवड्यात विष, साप, बाळंतपण आणि लहान मुले, सहाव्यात फक्त जुन्या प्रश्नांची उजळणी.

मुलगी परीक्षेला बसणार असेल तर तिची भाकरी-धुण्याची पाळी या सहा आठवड्यांत दुसऱ्या कुणी उचलावी. भाऊ असेल तर त्याने उचलावी. बाळंतपणाच्या वेळी, जळालेल्या बाईपाशी गाडीत बाईमाणूस असले तर रुग्णाला किती आधार वाटतो, हे घरातल्या बायकांना सांगावे लागणार नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको. ओळखपत्र, प्रवेशपत्र, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि पेन आठवणीने पिशवीत घालावे. प्रात्यक्षिकात एखादी पायरी राहिल्याचे ध्यानात आले तर घाबरून गप्प बसू नये. "मी श्वास पुन्हा तपासते" असे म्हणून मागे जावे. खऱ्या कामातही असेच करायचे असते.

मर्यादा ओळखावी

शेवटी एक इशारा. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गावात इंजेक्शने देण्याचा परवाना मिळाला असे नाही. लोक आग्रह करतील, "तू शिकलास ना, मग सलाईन लाव." तिथे नम्रपणे नाही म्हणावे. जेवढे शिकवले आणि जेवढ्याची परवानगी आहे तेवढेच करावे, बाकीसाठी डॉक्टरकडे पाठवावे. परीक्षेत याचेही गुण असतात.

आणि एखाद्या वेळी निकाल मनासारखा लागला नाही, तर पुन्हा बसता येते. दरम्यान ओसरीवर झालेला सराव वाया जात नाही. थोरल्या भावाला यादी पाठ झालेली असते, आईला पट्टी बांधता येते, आणि मोटारीला कुणी चिकटले तर आधी मेन स्विचकडे धावायचे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तेव्हा आजच रात्री सुरुवात करावी. घड्याळ समोर ठेवून घरातल्या प्रत्येकाची नाडी मिनिटभर मोजावी आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.